डोहाळजेवण आणि मिश्रीची डबी



गर्भवतीने काय खावे, याविषयी मराठवाड्यातील घरांत सल्ल्यांचा तुटवडा नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले जातात, अळिवाची खीर शिजते. मात्र त्याच घराच्या कोनाड्यातील मिश्रीच्या डबीविषयी कोणी बोलत नाही. ‘दात घासण्यापुरती घेते’ एवढे म्हटले की विषय संपतो.

मातेच्या पोटात गेलेल्या द्रव्याचा परिणाम अपत्यात अनेक वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो, हे १९७१ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक दिले जाई. त्यांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचे डॉ. आर्थर हर्ब्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. ते औषध होते, अन्न नव्हे. परंतु वार ही अभेद्य तटबंदी नाही, हे त्यातून कळले.

आहाराविषयीचे पुरावे याहून सौम्य आहेत. कॅनडात १९९० च्या दशकाच्या अखेरीस पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सुरू झाले आणि त्यानंतर ओंटारिओ प्रांतात बालकांच्या न्यूरोब्लास्टोमाचे प्रमाण घटलेले दिसले. सहा महिने वा अधिक काळ स्तनपान मिळालेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले. पालेभाज्या, डाळी, फॉलिक आम्लाची गोळी आणि अंगावरचे दूध यांचे मोल एवढे निश्चित आहे. अमुक फळ खाल्ले की बाळाला कर्करोग होणारच नाही, असे सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहिलेलेच बरे.

मिश्रीबाबत अशी संदिग्धता नाही. ती भाजलेली तंबाखूच. भाजल्याने तिच्यातील घातक द्रव्यांत भरच पडते. तिच्यातील निकोटीन वारेतून गर्भापर्यंत जाते, दुधातही उतरते. बाळ कमी वजनाचे जन्मते. आणि स्वतः मातेला तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतो तो वेगळाच. छत्रपती संभाजीनगरात कर्करोगाची नोंदणी १९७८ पासून, शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जात असतानाच, सुरू झाली. पुरुषांचा गुटखा साऱ्यांना दिसतो. बायकांची मिश्री मोरीच्या आडोशाला राहते.

दाढ दुखते म्हणून मिश्री लावणाऱ्या सुनेला दंतवैद्याकडे नेण्याचे काम सासूबाईंनीच करावे. बहुतेकदा ती डबी सुनेच्या हाती त्यांच्याकडूनच आलेली असते.