तरफेचा न्याय आणि मालमोटारीचें इंजिन



सायखेड्यासारख्या गोदाकांठच्या गांवांत कांद्याचा हंगाम आला कीं मालमोटारींची वर्दळ सुरू होते. मुंबईस माल पोंचवून परततांना त्यांना कसाऱ्याचा घाट चढावा लागतो. भरल्या गाडीनें तेथें धाप टाकली म्हणजे मालकास इंजिनाची शक्ति वाढवावीशी वाटते, आणि कोणीतरी सुचवितो, "मोठ्या गुणोत्तराचे रॉकर बसवा." हा सल्ला कितपत ग्राह्य आहे, तें आज पाहूं.

१९५४ सालीं टाटांनीं डायम्लर-बेंझच्या सहकार्यानें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्यांच्या सहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांतही रॉकर होतेच. रॉकर म्हणजे शाळेंत शिकलेली तरफच होय. कॅम पुशरॉडला वर उचलतो, पुशरॉड रॉकरचें एक टोंक ढकलतो, आणि दुसरें टोंक झडपेस, म्हणजे व्हॉल्वला, दाबून उघडतें. टेकूपासून झडपेकडील भुजा दुसऱ्या भुजेच्या दीडपट असली, तर गुणोत्तर १.५ झालें. मग कॅमच्या ६ मिलिमीटर उचलीनें झडप ९ मिलिमीटर उघडते, गुणोत्तर १.६ केल्यास ९.६ मिलिमीटर. वाट रुंदावली म्हणजे जलद फिरणाऱ्या इंजिनांत हवा अधिक शिरते, हा लाभ खरा आहे.

परंतु तरफ फुकट कांहींच देत नाहीं. इंजिनाचा वेग तोच राहिला, तरी या बदलानें झडपेची उचल व तिचें त्वरण सुमारें ७ टक्क्यांनीं वाढतें. आणि तो वाढलेला भार लांब भुजेमुळें पुन्हां वाढून कॅमवर येतो. म्हणून झडपेच्या जडत्वाचा कॅमवरील भार सुमारें १४ टक्के वाढतो. स्प्रिंगेस तो पेलला नाहीं, तर झडप वेळेवर मिटत नाहीं. डिझेल इंजिनांत दट्ट्या तर माथ्याच्या अगदीं निकट येतो. झडप व दट्ट्या यांची गांठ पडली, तर इंजिनाचा नाश ठरलेला.

लाभालाही मर्यादा आहे. झडपेची उचल तिच्या व्यासाच्या चतुर्थांशाएवढी झाली कीं भोंवतालची वाट तोंडाच्या क्षेत्रफळाएवढी होते. ४० मिलिमीटर व्यासाच्या झडपेस १० मिलिमीटर उचल मिळाली, कीं त्यापुढें फारसें कांहीं साधत नाहीं. शिवाय घाटांत इंजिन कमी फेऱ्यांवर ओढत असतें. हवेला आंत येण्यास तेथें सवड असते. आणि पंपानें तेल तेवढेंच दिलें, तर केवळ अधिक हवेनें शक्ति वाढत नाहीं.

तेव्हां गाडी ओढत नसेल, तर प्रथम हवेची गाळणी साफ करावी, टॅपेटची फट कारखान्यानें सांगितलेल्या मापाप्रमाणें फीलर गेजनें तपासावी आणि इंजेक्टर पाहून घ्यावेत. या कामांचा खर्च अल्प आहे. ज्या गाडीच्या हप्त्यावर व भाड्यावर एका कुटुंबाचा संसार चालतो, तिच्या इंजिनावर अंदाजानें प्रयोग करणें शहाणपणाचें नव्हे. इंजिन घडविणाऱ्यानें कॅम, स्प्रिंग, रॉकर व दट्ट्या यांचा मेळ हिशेबानें घातलेला असतो. त्यांतील एक अंक बदलावयाचा, तर सारेंच गणित पुन्हां मांडलें पाहिजे.