पाण्यालगत उडणारीं यानें

गुळगुळीत फरशीवर एखादा कोरा कागद हातभर उंचीवरून आडवा सोडून पाहावा. तो सरळ खालीं येऊन पडत नाहीं. फरशी बोटभर अंतरावर आली कीं कोणीं खालून हात दिल्याप्रमाणें तो एका बाजूस घसरत जातो आणि बरेंच अंतर तोलून मग टेकतो. मुलें हा खेळ पुष्कळ वेळां खेळतात, आणि घरांतील वडील मंडळी कागद वायां घालविल्याबद्दल त्यांना रागें भरतात. हा आधार देणारा हात दुसऱ्या कोणाचा नसून, कागद आणि फरशी यांच्यामध्यें क्षणभर कोंडल्या गेलेल्या हवेचा असतो. याच हातावर भरंवसा ठेवून ५४४ टन वजनाचें एक यान १९६६ सालीं कास्पियन समुद्रावरून उडविण्यांत आलें. तें जहाजांच्या कारखान्यांत बांधलेलें होतें, त्यास विमानासारखे पंख होते, आणि पाण्यापासून कांहीं थोड्या मीटरांहून अधिक उंच जाण्याची त्याच्या निर्मात्यास मुळीं इच्छाच नव्हती.

उंच जाण्याची इच्छा नसावी, हें विमानविद्येच्या दृष्टीनें विपरीत वाटेल. परंतु त्याचें कारण साधें आहे. विमानाचा पंख हवेंतून पुढें जाऊं लागला म्हणजे त्याच्या खालच्या बाजूस हवेचा दाब अधिक व वरच्या बाजूस कमी असतो, आणि या फरकावर विमान तरतें. पण हवा कांहीं पंखाखालीं गुपचूप बसून राहत नाहीं. पंखाच्या टोंकाशीं तिला वाट सांपडते, आणि अधिक दाबाची हवा टोंकास वळसा घालून वर धांव घेते. त्यामुळें दोन्ही टोंकांमागें मोठमोठे भोंवरे निर्माण होतात. ते फिरविण्यास लागणारी शक्ति शेवटीं इंजिनालाच पुरवावी लागते. म्हणजे तेवढें इंधन वाऱ्यावर गेलें. आतां तोच पंख जमिनीच्या किंवा पाण्याच्या अगदीं जवळ आणला, तर भोंवऱ्यांना फिरावयास जागाच उरत नाहीं. पंखांच्या एकंदर विस्ताराइतकी उंची असेल तर हा लाभ शेंकडा दीड देखील नसतो. उंची विस्ताराच्या चतुर्थांशावर आली कीं भोंवऱ्यांमुळें होणारा रोध जवळजवळ पावहिश्श्यानें घटतो. आणि ती एकदशांशावर आली कीं तो निम्म्याच्या आसपास उतरतो. कार्ल व्हीझेल्सबेर्गर या जर्मन शास्त्रज्ञानें याचें गणित १९२१ सालींच मांडून ठेवलें होतें. त्याशिवाय, पंख पुरेसा रुंद असून त्याची मागची कड पाण्यालगत असली, तर समोरून येणारी हवा त्याच्याखालीं कोंडते आणि दाब आणखी वाढतो. या साऱ्या प्रकाराला भूसान्निध्याचा परिणाम म्हणावें. विमान उतरवितांना तें धांवपट्टीवर टेकण्यास कुरकुरतें आणि कांहीं वेळ तरंगत राहतें, हा सर्व वैमानिकांचा अनुभव आहे. पेलिकन पक्षी तर पंख न हालवतां लाटांच्या माथ्यालगत लांबवर जातो, तो याच आधारावर.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. पंख्यानें खालीं हवा फुंकून जागच्या जागीं उभें राहणारें हॉव्हरक्राफ्ट निराळें. तें स्वतःची गादी स्वतः फुगवितें. आपल्या विषयांतील यानाला गादी मिळते ती वेगामुळें. तें थांबलें कीं गादीहि गेली, आणि मग तें पाण्यावर नांवेसारखें बसतें.

फिनलंडमध्यें तोइव्हो कारियो या यंत्रज्ञानें १९३५ सालीं असें एक लहान यान बनविलें होतें. परंतु या विचारासाठीं सारें आयुष्य वेंचणारा पुरुष रशियांत निघाला. रोस्तिस्लाव्ह अलेक्सेयेव्ह याचा जन्म १९१६ सालचा. व्होल्गा नदीच्या कांठीं गॉर्की या शहरीं, म्हणजे हल्लींच्या निझ्नी नोव्हगोरोद येथें, त्यानें जहाजबांधणीचें शिक्षण घेतलें आणि १९४१ सालीं पदवीसाठीं जलपंखी नौकेचा आराखडा सादर केला. अशा नौकेच्या तळाशीं पाण्यांत लहान पंख असतात. वेग आला कीं ते नौकेचें धूड पाण्याबाहेर उचलून धरतात आणि पाण्याचा रोध एकदम कमी होतो. महायुद्धाच्या काळांत तो सोर्मोव्होच्या कारखान्यांत होता, जेथें रणगाडे तयार होत. युद्ध संपल्यावर त्यानें आपली कल्पना सिद्धीस नेली. १९५७ सालीं त्याच्या ‘राकेता’ नौकेनें गॉर्की ते कझान हें ४२० किलोमीटरांचें अंतर सुमारें सात तासांत कापलें. पुढें अशा नौका रशियाच्या नद्यांवर नित्याच्या झाल्या, आणि १९६२ सालीं त्याला लेनिन पारितोषिक मिळालें.

एखादा मनुष्य येथें थांबला असता, व त्यास कोणी नांवें ठेविलीं नसतीं. पण अलेक्सेयेव्हला आपल्याच नौकेची सीमा दिसत होती. ताशीं शंभर किलोमीटरांच्या आसपास वेग गेला कीं पाण्यांतील पंखाच्या वरच्या अंगास दाब इतका उतरतो कीं पाणी थंड असूनहि तेथें उकळूं लागतें. वाफेचे बुडबुडे उठतात व फुटतात, पंखाची उचल ढासळते आणि धातूस खड्डे पडतात. पाण्यानें आपली मर्यादा सांगितली होती. तेव्हां पंख पाण्यांतून काढून पाण्यालगतच्या हवेंत आणावा, एवढीच पुढची पायरी उरली. प्रथम १९६१ सालीं त्यानें तीनएक टनांचें यान बनविलें, त्यांत जलपंखी नौकेच्या धर्तीवर एकामागें एक असे दोन पंख होते. पाण्यांत जें शोभलें तें हवेंत शोभलें नाहीं. पुढच्या पंखानें ढवळलेली हवा मागच्यास बाधूं लागली, आणि यान भारी तऱ्हेवाईक वागूं लागलें. त्यानें लगेच ती रचना सोडून दिली; एक मुख्य पंख आणि मागें उंचावर मोठी शेपटी, ही मांडणी पत्करली.

ही शेपटीच या साऱ्या विद्येचें मर्म आहे, म्हणून तिच्यापाशीं थोडें थांबणें अवश्य आहे. उंच आकाशांत पंखावरील सारा उचल जणूं त्याच्या पुढच्या चौथ्या हिश्श्यावर लागू होतो. तोच पंख पाण्याजवळ आला कीं हें बिंदुस्थान मागें सरकून पंखाच्या मध्याकडे जातें. आतां अशी कल्पना करा कीं, यान समतोल चाललें आहे आणि एखाद्या झुळुकेनें तें वर उचललें गेलें. उचलीचें स्थान लगेच पुढें सरकतें. नाक वर होतें. नाक वर झाल्यानें यान आणखी वर जातें. आणि तें वर गेलें कीं स्थान आणखी पुढें. जो आधार यानाला तारतो तोच त्याला उताणें पाडूं पाहतो. यावर अलेक्सेयेव्हचा तोडगा असा कीं, शेपटीचा आडवा पंख इतका उंच बसवावा कीं भूसान्निध्याचा स्पर्श त्याला होऊं नये, आणि तो इतका मोठा करावा कीं मुख्य पंखाच्या लहरी त्यास आवरतां याव्या. कास्पियनवरील त्या प्रचंड यानाचा मुख्य पंख टोंकापासून टोंकापर्यंत ३७.६ मीटर होता आणि शेपटीचा पंख त्याच्या जवळजवळ बरोबरीचा होता. विमानाची सामान्य शेपटी पाहिलेल्या मनुष्यास हें रूप बेडौल वाटतें. परंतु तें डौलासाठीं नव्हतेंच.

या यानाची लांबी ९२ मीटर होती. व्होल्गेवरून तें कास्पियन समुद्राकडे नेतांना झांकून, रात्रीं नेण्यांत आलें. ऑक्टोबर १९६६ मध्यें तें प्रथम उडालें, तेव्हां स्वतः अलेक्सेयेव्ह चालकांत बसला होता. आकाशांतून टेहळणी करणाऱ्या अमेरिकन उपग्रहांच्या चित्रांत हें अजस्र धूड सांपडलें. त्यावरील ‘का’ आणि ‘एम्’ या दोन अक्षरांचा अर्थ ‘कास्पियनचा राक्षस’ असा लावला गेला, असें सांगतात. खरोखर तीं अक्षरें ‘नमुन्याचें जहाज’ या अर्थाच्या दोन रशियन शब्दांचीं होतीं. नांव मात्र राक्षसाचेंच राहिलें.

राक्षसाला दहा जेट इंजिनें होतीं. आठ नाकाजवळ आणि दोन शेपटीवर. हवेची गादी इतकें ओझें हलकें करिते, तर मग दहा इंजिनें कशाला, असा प्रश्न कोणासहि पडेल. या यानांचें भाग्य व दुर्भाग्य दोन्ही याच प्रश्नांत आहे. गादी मिळते ती वेगानंतर, आणि वेग येईपर्यंत पाणी यानाच्या पोटाला सोडत नाहीं. पाण्याचा रोध वाढत वाढत एका शिखरास पोंचतो. तें शिखर ओलांडण्यास जी शक्ति लागते तिच्या थोड्याशा भागावर पुढचा सारा प्रवास होऊं शकतो. म्हणून नाकाजवळच्या आठ इंजिनांचे झोत खालीं वळवून पंखाखालीं सोडीत, पंखाच्या मागच्या कडेची झडप खालीं ओढून ती हवा कोंडीत, आणि यान पाण्यांतून उपटून काढीत. एकदां तें सुटलें कीं शेपटीवरील दोन इंजिनांनीं काम भागे. उरलेलीं आठ इंजिनें मग प्रवासभर नुसतें ओझें म्हणून बरोबर असत! वरातीसाठीं आणलेल्या घोड्याला पुढें जन्मभर दाणा घालावा, तशांतला हा व्यवहार. गादीनें वांचविलेलें इंधन या ओझ्यानें किती खाल्लें, हा हिशेब मांडल्यावांचून या यानांचे पोवाडे गाऊं नयेत.

दुसरी अडचण लाटांची. गादीची जाडी पंखाच्या रुंदीवर अवलंबून असते. अरुंद पंखाचें लहान यान पाण्यापासून फार तर हात दोन हात उंच राहूं शकतें, आणि तेवढ्या उंचीवर समुद्राची साधी लाटहि भिंतीसारखी. म्हणून पंख रुंद हवा, म्हणून यान मोठें हवें. राक्षसाच्या पंखाची सरासरी रुंदी साडेसतरा मीटर होती, ती काय हौसेनें? वळणें हेंहि सोपें नाहीं. विमान वळतांना एका कुशीवर कलतें. पाण्याला लागून चाललेलें यान कललें तर पंखाचें टोंक पाण्यांत जाईल. मग वळण घ्यावयाचें तें मैलोगणती मोठें.

१९७२ सालीं उडालेल्या ‘ओर्ल्योनोक्’ म्हणजे ‘गरुडाचें पिल्लूं’ या १४० टनी यानांत हिशेब कांहींसा सुधारला होता. नाकांत दोनच जेट इंजिनें, तीं सुटण्यापुरतीं. आणि प्रवासासाठीं शेपटीच्या माथ्यावर, खाऱ्या तुषारांपासून दूर, पंख्याचें एक काटकसरी इंजिन. १९७५ च्या सुमारास या यानाच्या चांचणींत पाण्याच्या तडाख्यानें त्याची शेपटी इंजिनासकट तुटून पडली. धातु ठिसूळ निघाली होती. अलेक्सेयेव्ह यानांतच होता. त्यानें चालकाची जागा घेतली, नाकांतील दोन इंजिनांच्या बळावर उरलेलें धड पाण्यावरून हांकलें आणि माणसांसह तळावर परत आणलें. पुढच्या यानांतून ती धातु बदलण्यांत आली. बक्षीस म्हणून त्याला मुख्य पदावरून खालीं उतरविण्यांत आलें. ज्या यानाची शेपटी गळाली तें घरीं परत येऊं शकलें, ही त्या रचनेच्या बाजूची केवढी साक्ष! ती साक्ष चौकशी करणारांनीं ऐकून घेतलेली दिसत नाहीं. फेब्रुवारी १९८० मध्यें तो वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस राक्षसहि गेला: सुटतांना चालकानें नाक वाजवीपेक्षां अधिक उचललें, यान गादी सोडून वर गेलें, एका बाजूस कललें आणि समुद्रांत पडलें. माणसें वांचलीं; परंतु तें वजन पुन्हां वर काढणें शक्य झालें नाहीं.

जर्मनींत जन्मलेला आलेक्झांडर लिपिश याची वाट निराळी होती. त्यानें त्रिकोणी पंख उलटा बसविला, म्हणजे त्रिकोणाची रुंद बाजू पुढें आणि टोंक मागें, व पंखाचीं दोन्ही टोंकें खालीं झुकविलीं. या आकारांत उचलीचें स्थान उंचीबरोबर फारसें हालत नाहीं, म्हणून राक्षसाएवढ्या शेपटीची गरज पडत नाहीं. त्याचें पहिलें यान १९६३ सालचें. पुढचीं १९७० व १९७७ सालीं उडालीं. आकारानें लहान, पण स्वभावानें शांत अशीं हीं यानें होतीं, आणि पुढें जीं लहान यानें ठिकठिकाणीं बांधलीं गेलीं त्यांपैकीं पुष्कळांनीं लिपिशचीच पाटी गिरविली.

रशियन आरमारानें १९८७ सालीं ‘लून्’ नांवाचें आणखी एक मोठें यान सेवेंत घेतलें. लांबी सुमारें ७४ मीटर, इंजिनें आठ, आणि पाठीवर क्षेपणास्त्रांच्या सहा नळ्या. सोव्हिएट राज्य कोसळल्यावर तें गोदींत पडून राहिलें. २०२० सालीं त्यास ओढून देर्बेंत शहराजवळच्या वाळूकांठीं नेण्यांत आलें. २००२ सालीं बोइंग कंपनीनें ५०० फूट विस्ताराच्या पंखांचें एक मालवाहू यान योजिलें, पण तें कागदावरच राहिलें.

मात्र अमेरिकेंत ऱ्होड आयलंड येथील रीजंट नांवाच्या कंपनीनें २०२५ सालीं ज्या बारा प्रवाशांच्या विजेवरील यानाची पाण्यावर चांचणी सुरू केली, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. तें बंदरांतून नांवेसारखें तरंगत निघावयाचें. नंतर पाण्यांतील जलपंखांवर उभें राहावयाचें, म्हणजे पाण्याच्या रोधाचें तें शिखर पुष्कळसें तेथेंच ओसरतें. आणि मग वेग आल्यावर हवेच्या गादीवर चढून जलपंख आंत ओढून घ्यावयाचे. आठ जादा इंजिनांचें काम येथें ‘राकेता’च्या पायांकडे सोंपविलें आहे.