सदसद्विवेकाच्या दोन कसोट्या

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ख्रिस्ती जीवनात सदसद्विवेकबुद्धीचे स्थान कोणते, हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राचा वाटतो. ज्यांचे आयुष्य चळवळीत गेले त्यांना त्याचे काय प्रयोजन, अशी शंका कुणाच्या मनात आली तर त्यात नवल नाही. परंतु याच महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका स्त्रीने हा प्रश्न ग्रंथात न सोडवता स्वतःच्या आयुष्यात सोडवण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात ती पुण्याच्या सनातन्यांशी भांडली, इंग्लंडच्या बिशपांशी भांडली आणि अखेर अशा एका ठिकाणी येऊन पोचली, की जेथे भांडायला समोर कुणी नव्हते. होत्या फक्त तिच्या अन्नावर जगणाऱ्या भुकेल्या मुली. पंडिता रमाबाईंच्या जीवनातील या दोन टोकांचा विचार केल्याशिवाय सदसद्विवेकाचे खरे स्वरूप ध्यानी येणार नाही.

प्रथम कल्पना स्पष्ट केली पाहिजे. नव्या करारात ज्यासाठी मराठीत सदसद्विवेकबुद्धी हा शब्द वापरला जातो, तो मूळ ग्रीक शब्द सिनेडेसिस असा आहे. त्याचा धात्वर्थ ‘सोबत जाणणे’ असा होतो. माणूस कृत्य करतो तेव्हा त्याच्या आत आणखी कुणीतरी ते कृत्य जाणत असतो; म्हणजे हा शब्द केवळ बुद्धीचा नसून साक्षीचा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने ही साक्ष ज्यांना मोशेचे नियमशास्त्र ठाऊक नाही अशा परराष्ट्रीयांच्या ठायीही मान्य केली. ती कुणा एका पंथाची मिरास नव्हे, हे तेथेच ठरून गेले.

परंतु पौल तेवढ्यावर थांबला नाही. करिंथ नगरातील मंडळीत एक वाद माजला होता. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की न खावे? ज्यांचे मन धीट होते ते म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे. तेव्हा मांसात दोष तो कसला? पौलाने त्यांचे तर्कशास्त्र मान्य केले आणि निष्कर्ष मात्र उलट काढला. धीटाचे पाहून दुबळ्या मनाचा मनुष्य स्वतःच्या साक्षीविरुद्ध ते खाईल आणि आतून मोडून पडेल. म्हणून धीटानेच आपले स्वातंत्र्य आवरावे, असा त्याचा निर्णय आहे. याचा अर्थ असा की, सदसद्विवेकाच्या मूळ ख्रिस्ती कल्पनेत आरंभापासून दोन अंगे आहेत. एक, स्वतःच्या साक्षीशी प्रामाणिक राहणे. दुसरे, आपल्याहून दुर्बळ असलेल्याच्या साक्षीला धक्का न लावणे. इतिहासात पहिल्या अंगाचा गौरव पुष्कळ झाला. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटापुढे उभा राहिलेला ल्यूथर सर्वांना ठाऊक असतो. दुसऱ्या अंगाची आठवण मात्र चर्चला फार उशिरा झाली. १८३२ मध्ये सोळाव्या ग्रेगरी पोपने सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची कल्पना वेडगळ ठरवून धिक्कारली होती. धर्माच्या बाबतीत कुणावरही सक्ती होता कामा नये, हे रोमच्या चर्चने परिषदेच्या अधिकृत घोषणेने मान्य केले ते डिसेंबर १९६५ मध्ये.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल समाजाचा रोष पत्करला. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीने रमाबाईंचे आईवडील आणि थोड्याच काळात बहीण गेली. पुढे कलकत्त्यात पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. जातीबाहेर विवाह झाला, आणि अवघ्या दोन वर्षांत वैधव्य आले. १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीच्या शिक्षणाचा हेतू धरून त्या इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चासाठी त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून पैसा उभा केला. वाँटेजच्या ज्या अँग्लिकन भगिनीमंडळात त्या राहिल्या तेथेही ठराव असा होता, की भारतात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि मोबदल्यात इंग्रजी शिकावे. हा तपशील किरकोळ नाही. दुसऱ्याच्या अन्नावर राहताना मन स्वतंत्र राखायचे असेल तर ते अन्न दानाचे न राहता मोबदल्याचे व्हावे लागते, हे त्या पंचविशीतच ओळखून होत्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू मांडली. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. फारसा माहीत नसतो तो त्यापुढचा भाग: बाप्तिस्म्याने भांडण मिटले नाही, ते नव्याने सुरू झाले. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना जिव्हाळ्याने आजीबाई म्हणत. या आजीबाईंची अपेक्षा अशी, की चर्चमध्ये आलेल्या मुलीने चर्चचे शिकवणे विनातक्रार स्वीकारावे. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटत नव्हता. जे पटत नाही ते त्या तोंडाने म्हणेनात. शाकाहार त्यांनी सोडला नव्हता; अंडे घातलेले पक्वान्न त्या नाकारीत, तेव्हा हा जातीचा अभिमान अजून गेला नाही असा आरोप झाला. करिंथच्या मांसाचा वाद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या भोजनगृहात असा उलटा होऊन अवतरला. येथे आवर घालायचा होता तो यजमानांनी, आणि नेमका तोच त्यांना सुचला नाही. भगिनींच्या क्रुसावरील लॅटिन अक्षरांबद्दल रमाबाईंनी विचारले, की माझ्या देशभगिनींना न कळणारी ही भाषा कशासाठी? संस्कृत का नको?

सर्वांत बोलका प्रसंग चेल्टनहॅमचा. तेथील महिला महाविद्यालयात शिकत असताना तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवण्याची संधी त्यांना येत होती. मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: तरुणांना शिकवणाऱ्या स्त्रीची भारतात पत राहणार नाही! रमाबाईंनी उत्तर दिले, की ज्या गोष्टीला भारतात आपल्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, तिला इंग्रजांनी हरकत घ्यावी याचे आश्चर्य वाटते. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले. आता तसलेच दुसरे जोखड स्वेच्छेने मानेवर घ्यायचे नाही, ही त्यांची भूमिका १८८५ च्या पत्रव्यवहारात निःसंदिग्धपणे येते. देवाची आज्ञा आणि पुरोहिताची आज्ञा यांत फरक करण्याचा अधिकार प्रत्येकाच्या अंतःकरणाला आहे, असा या भूमिकेचा आशय होता. राज्यकर्त्यांच्या देशात, त्यांच्याच छपराखाली, एक परतंत्र देशातील विधवा हे बोलत होती. पहिल्या कसोटीला रमाबाई संपूर्ण उतरल्या, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

दुसरी कसोटी अधिक कठीण होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. पैसा अमेरिकेतील बॉस्टनच्या मंडळाचा, मुदत दहा वर्षांची, आणि अट अशी, की धर्मशिक्षण द्यायचे नाही. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येत. त्यांचे म्हणणे असे, की मी कुणाला ओढून आणीत नाही आणि कुणाला हाकलूनही देणार नाही. ‘केसरी’ने यावर टीकेचा भडिमार केला, ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे व भांडारकरांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात एक बाजू निव्वळ धर्मवेड्यांची आणि दुसरी निव्वळ स्वातंत्र्याची, असे मानणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. टीकाकारांपैकी अनेकांना विधवेने शिकावे हेच मुळात नको होते, हे खरे. तरीही त्यांच्या प्रश्नात एक बोचरे सत्य होते. ज्या बाईने आसरा दिला, शिक्षण दिले, केस राखण्याचा हक्क दिला, तिच्या उघड्या दाराकडे जाणाऱ्या बालविधवेचे पाऊल संपूर्ण स्वतंत्र असते काय? वाँटेजमध्ये जो प्रश्न रमाबाई आजीबाईंना विचारीत होत्या, तोच आता त्यांच्या दारी येऊन उभा राहिला. त्याचे एक उत्तर सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीने आपल्या आयुष्याने दिले. गोदूबाई जोशी त्या उघड्या दाराच्या घरात शिकल्या, हिंदूच राहिल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई झाल्या. शारदा सदनात दार उघडे होते ते आत येण्यासाठी, तसेच बाहेर राहण्यासाठीही, याची ही साक्ष आहे.

परंतु १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि चित्र पालटले. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावात मुक्ति सदन उभे राहिले; १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजाराच्या पुढे गेली. बॉस्टनची अट संपली होती. केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. १९०५ मध्ये तेथे धर्मजागृतीची मोठी लाट आली व अनेक मुलींनी बाप्तिस्मा घेतला. गोदूबाईंना भाऊ होता, परतायला घर होते. केडगावच्या मुलीला काय होते? तिच्या मागे ओसाड गाव आणि पुढे हे एकच घर. तिचा होकार खोटा होता असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही; तिच्या अंतःकरणात काय घडले ते तीच जाणे. पण तिच्या नकाराला जागा किती होती, हा प्रश्न पुसता येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जेथे पर्याय एकच असतो तेथे निवड हा शब्द दुबळा पडतो. १९६७ मध्ये ओरिसाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. अशा कायद्यांची नजर प्रलोभनावर असते. परंतु प्रलोभनाच्या आधी भूक असते, आणि भुकेवर कलम लावण्याची तरतूद त्यांत नाही. १८९७ मध्ये त्या मुलींना रस्त्यावर मरू देणाऱ्या समाजाला आणि सरकारला, त्या कुणाच्या देवापुढे हात जोडतात हे विचारण्याचा नैतिक अधिकार कितपत उरला होता? संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांना दिले. त्या स्वातंत्र्याला खरा आधार द्यायचा तर कुणाच्याही धर्माशी न बांधलेली भाकरी नागरिकाला हक्काने मिळाली पाहिजे.

रमाबाईंना ही अडचण पूर्ण सोडवता आली नाही. तथापि त्यांच्या उत्तरायुष्यातील दोन कामे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. केडगावात त्यांनी शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योग उभे केले, म्हणजे आश्रिताला कमावती केले. आणि हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते कमी शिकलेल्या बाईलाही पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून वाचता यावे म्हणून. १९२२ मध्ये त्या वारल्या; तो ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर आला. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांना जिने प्रश्न केला होता, तिने आपल्या आश्रितांच्या हाती त्यांना कळणारी अक्षरे आणि पोट भरणारे हुन्नर दिले. प्रश्न विचारण्याची साधने तीच.

कार्यकर्त्यांनी या कहाणीतून घ्यायचे ते एवढेच. सत्तेपुढे ताठ उभे राहणाऱ्याचा सदसद्विवेक सर्वांना दिसतो आणि त्याचे पोवाडेही होतात. पण वसतिगृह चालवणारा, पतपेढी चालवणारा, संपकाळात धान्य वाटणारा प्रत्येक जण कुणाच्या तरी आयुष्यात सत्ताच असतो. त्याच्या दारात उभा असलेला दुर्बळ मनुष्य त्याला ‘नाही’ म्हणून पुन्हा जेवायला बसू शकतो काय, ही दुसरी कसोटी. तिची साक्ष घ्यायला बाहेरचे कुणी येत नाही. ती ज्याची त्याला घ्यावी लागते.