बायांना रातपाळी कुठं हुती?

(कथालेखन शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मी लेखिका नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून वस्तीत काम करते. गिरणीतल्या बायकांवर आपणच लिहायला हवे असे वाटले, म्हणून एक कथा लिहिली. काळ १९३८, मुंबईचे गिरणगाव. नायिका वाइंडिंग खात्यात. रात्रपाळी करून परतताना मुकादम तिला एकटी गाठतो, असा शेवट.

वस्तीतल्या एका आजींना ती वाचून दाखवली. त्यांनी आणि त्यांच्या आईनेही गिरणीत काम केलेले. शेवट ऐकून त्या म्हणाल्या, "पोरी, बायांना रातपाळी कुठं हुती? दिवेलागणीला आमी घरात."

मी ओशाळले. मग कायदे काढून बसले. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे बायकांना सकाळी ६ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कामावर ठेवायला बंदी होती. १९४८ च्या कायद्यानेही ती चालू ठेवली. म्हणजे माझा प्रसंग घडणेच शक्य नव्हते!

दुरुस्ती सोपी होती. रात्रीची संध्याकाळ केली की झाले. पण आजी पुढे म्हणाल्या, "पाळ्या वाढल्या तशा बाया कमी झाल्या." तिथे मी थांबले.

बंदी बाईच्या रक्षणासाठी होती. पण गिरण्या रात्रीही चालू लागल्यावर, रात्री येऊ न शकणारी कामगार मालकाला अडचणीची वाटू लागली. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याचेही तसेच. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याची बाजू मांडली होती. मोठा हक्क मिळाला, पण पैसे मालकाने द्यायचे होते. मग विवाहित बाई कामावर घेणेच टाळण्याकडे कल गेला. त्यात यंत्रे बदलली, बायकांची खाती आकसली.

हे कायदे नको होते, असे मी मुळीच म्हणत नाही. ते हवेच होते. पण हक्काची किंमत बाईच्याच नोकरीतून वसूल झाली, ही गोष्ट माझ्या कथेत कुठे होती? मी तिला फक्त अंधारात घाबरलेली दाखवली होती. तिचे काम कसे गेले, हे मला विचारावेसेसुद्धा वाटले नाही.

जुने अहवाल वाचतानाही सावध राहा. बाळाला अफू देऊन कामावर जाणाऱ्या आयांबद्दल १९२०च्या दशकात बरेच लिहिले गेले. ते वाचताना आपण विचारायचे, गिरणीत पाळणाघर होते का? दूध पाजायला सुट्टी होती का?

म्हणून सांगते, जुन्या काळावर लिहिताना लुगडे कोणते, दिवा कसला एवढेच शोधून भागणार नाही. तिची पाळी कोणती, पगार कोणाच्या हातात पडे, मूल कोण सांभाळी, नायकिणीला काय द्यावे लागे, हेही शोधा. कागदात सापडले नाही तर म्हाताऱ्या बायकांना विचारा. आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. त्या चूक काढतील. काढू द्या.

माझी कथा अजून पुरी झालेली नाही. नायिका आता भर दिवसा, गिरणीच्या दाराबाहेर उभी आहे.