दुधाची साखर आणि जंतूचें कुलूप



१९४० सालीं पॅरिस शहर जर्मनांच्या ताब्यांत गेलें. त्याच सुमारास तेथील सोर्बोन विद्यापीठांत झाक मोनो हे तरुण संशोधक जंतूंना निरनिराळ्या साखरा घालून त्यांची वाढ मोजण्यांत गढून गेले होते. आपल्या आंतड्यांत वसणाऱ्या ई. कोलाय जंतूंना द्राक्षशर्करा व दुग्धशर्करा एकत्र दिली, तर ते प्रथम सगळी द्राक्षशर्करा फस्त करीत. मग कांहीं वेळ वाढ थांबे, आणि त्यानंतर दुग्धशर्करेवर ती पुन्हां सुरू होई.

हा मधला खंड कशाचा? दुग्धशर्करा फोडण्यास एक खास एंझाइम लागतें, व तें बनविण्यांत हा वेळ जातो. येथवर सोपें आहे. परंतु तें बनविण्याची विद्या जंतूस साखरेनेंच शिकविली काय? पुष्कळांस तसें वाटे. सारा जन्म मुलांना शिकविण्यांत गेल्यामुळें मलाहि तेंच पटलें असतें, हें कबूल करतों.

उलगडा झाला तो १९५९ सालीं. आर्थर पार्डी, फ्रांस्वा झाकोब व मोनो यांनीं दोन प्रकारच्या जंतूंचा संकर घडविला. एकांत एंझाइमचें जनुक आणि त्यास आवर घालणारें जनुक हीं दोन्ही शाबूत होतीं. दुसऱ्यांत दोन्ही बिघडलेलीं. शाबूत जनुकें दुसऱ्याच्या शरीरांत शिरतांच, साखरेचा कणहि नसतां, एंझाइम बनूं लागलें. परंतु तास-दोन तासांत तें बनणें थांबलें. म्हणजे विद्या जनुकांत पहिल्यापासूनच होती. तिला आवरणारा पदार्थ मागाहून सांचला.

हा पदार्थ म्हणजे एक प्रथिन. तें जनुकाच्या तोंडाशीं कुलपासारखें बसतें. दुग्धशर्करेचें किंचित् बदललेलें रूप त्यास चिकटलें कीं पकड सुटते, आणि एंझाइमचें उत्पादन सुमारें हजारपटीनें वाढतें. साखर संपली कीं कुलूप पुन्हां लागतें. द्राक्षशर्करा मुबलक असेतों मात्र दुग्धशर्करेस आंत शिरण्यासच मज्जाव! कुलूप बंद असतां पहिला कण बदलतो कसा, असें कोणी विचारील. तें अधूनमधून क्षणभर सैल पडतें, म्हणून एंझाइमचे थोडे रेणू सदैव शिल्लक असतात.

मोनो, झाकोब व त्यांचे ज्येष्ठ सहकारी आंद्रे ल्वॉफ यांस १९६५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तोंवर तें कुलूप कोणाच्याहि हातीं लागलें नव्हतें. तें तर्कानेंच मानलेलें होतें. १९६६ सालीं अमेरिकेंत वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्युलर-हिल यांनीं तें वेगळें काढून दाखविलें. एका जंतूंत त्याचे रेणू भरले अवघे दहाच्या आसपास.