दारूचा कायदा : ना बंदी, ना धोरण

(ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



दारूचा विषय आपल्या अभ्यासवर्गात क्वचितच निघतो, आणि निघाला तर आपण तो दोन वाक्यांत मिटवतो. दारू वाईट, सबब बंदी हवी, असे एक जण म्हणतो. बंदी कुठेच टिकली नाही, सबब सोडून द्या, असे दुसरा म्हणतो. या दोघांच्या वादात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. जो कायदा आज प्रत्यक्ष अमलात आहे तो कोणाचे रक्षण करतो आणि कोणाला लुबाडतो? माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, महाराष्ट्रातील दारूचा कायदा नावाने बंदीचा, व्यवहाराने तिजोरीचा आणि परिणामाने परवानाधारकांचा आहे. ज्या श्रमिकाच्या आणि त्याच्या घरातल्या बाईच्या नावाने तो उभा आहे, त्यांच्या पदरात त्यातून सर्वांत कमी पडते.

प्रथम कायदा पाहू. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याचा मूळ सिद्धान्त असा की, मद्य बाळगणे व पिणे हा गुन्हा आहे आणि परवाना हा त्याला अपवाद आहे. म्हणून आजही परदेशी बनावटीचे मद्य घेणाऱ्याजवळ एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म परवाना असला पाहिजे. हा परवाना कशासाठी? तर आरोग्याच्या रक्षणासाठी! म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पिणारा प्रत्येक नागरिक हा एक रुग्ण आहे आणि दुकानदार हा त्याचा औषधविक्रेता. बिअरसाठी एकवीस वर्षांची आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे. अठराव्या वर्षी जो सरकार निवडतो आणि एकविसाव्या वर्षी विवाह करतो, त्याला चोविसाव्या वर्षी स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत रमचा पेला हाती धरता येत नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातील कोणत्याही परमिट रूममध्ये संध्याकाळी बसलेल्यांपैकी कितीजणांच्या खिशात हा परवाना असतो, हे तुम्ही माझ्याइतकेच जाणता. जो कायदा जवळजवळ प्रत्येकजण मोडतो, तो कायदा राहत नाही. ते निवडून धरण्याचे साधन होते. आणि निवडून धरला जातो तो कोण, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

हा प्रकार आजचा नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याने तो सर्वांत आधी अनुभवला आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापूर्वी उत्तर कोकणात ताडी काढणे हा भंडाऱ्यांचा धंदा होता, आणि मोहाची दारू आदिवासींच्या घरी, सणाला, लग्नाला, मर्तिकाला लागेल तेवढी गाळली जात असे. नव्या कायद्याने गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला, ताडामाडांवरील कर वाढला आणि मोहाची दारू मोठ्या भट्ट्यांतून येऊ लागली. घरची गाळणे हा गुन्हा ठरला. एवढ्यानेही भागेना, म्हणून १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध आला. फुलापासून दारू होऊ शकते, म्हणून फूलच संशयित! मोहफूल हे शहापूर-मुरबाडच्या आदिवासीचे टंचाईच्या दिवसांतले अन्न होते, याचा विचार करण्याचे साहेबाला कारण नव्हते. त्याला व्यसनमुक्ती नको होती. त्याला महसूल हवा होता. स्वातंत्र्यानंतरही मोहफुलांवरील नियम चालूच राहिले. ती गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध राज्य शासनाने उठवले ते २०२१ मध्ये.

काँग्रेसच्या दारूबंदीमागची भावना निराळी होती, हे मान्य केले पाहिजे. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात बंदी आणली तेव्हा महसुलाचा तोटा सोसण्याची तयारी दाखवली आणि तो भरून काढण्यासाठी शहरी मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला. मद्रासेत राजाजींनी त्याच वर्षी सर्वसाधारण विक्रीकर आणला, तोही दारूच्या उत्पन्नाची तूट भरण्यासाठी. पुढे १९५० मध्ये मुंबई राज्यभर पूर्ण बंदी झाली. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने तिला मार्गदर्शक तत्त्वाचे बळ दिले आणि १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, काही कलमे वगळून, कायदा उचलून धरला. त्यानंतरच्या दोन दशकांत काय घडले? हातभट्टी हा मुंबई-ठाण्याचा मोठा चोरटा उद्योग झाला आणि त्या पैशावर गुन्हेगारांच्या टोळ्या व पोलिसांचे हप्ते पोसले गेले. साठीच्या दशकात परवाने सैल झाले आणि सत्तरीच्या आरंभी देशी दारूची परवानाधारक दुकाने उघडली. परंतु दारूच्या तुटीसाठी म्हणून आलेला विक्रीकर काही परत गेला नाही. आज गरीब माणूस रोजच्या अनेक खरेदींवर कर देतो आणि दारूवरही देतो. तूट भरून काढण्याचे औषध राहिले आणि तूटही संपली!

आता परवान्यांचे अर्थशास्त्र पाहा. सत्तरीच्या दशकाच्या आरंभापासून राज्यात वाइन शॉपचे नवे परवाने देणे थांबले आहे. वरवर पाहता हे संयमाचे धोरण वाटते. पण त्या वेळी ठाण्यात महानगरपालिका नव्हती आणि कल्याण-डोंबिवलीतही नव्हती. ठाण्याची १९८२ मध्ये झाली, कल्याणची १९८३ मध्ये. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली बारा लाखांवर गेलेली होती. गिऱ्हाइकांची संख्या अशी वाढत असता दुकानांचे परवाने गोठलेले राहिले, तर काय होते? अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात. मालकाने श्रम केलेले नसतात, जोखीम घेतलेली नसते. केवळ टंचाईच्या कागदाचा तो धनी असतो. परवाना हीच मालमत्ता होते, भागीदार बदलत बदलत तो हातोहात फिरतो आणि एका भागातील दुकान उचलून नव्या वस्तीत नेले जाते. टंचाई निर्माण केली सरकारने. तिचे मोल मात्र मोजक्या घराण्यांच्या खिशात गेले. आणि २०२५ मध्ये ही कोंडी फोडण्याचा विचार पुढे आला तोही कसा? तर ३२८ नवे परवाने मद्यनिर्मिती कंपन्यांना देण्याचा प्रस्ताव वृत्तपत्रांतून चर्चेत आला. मक्ता मोडायचा तो मोठ्या मक्तेदाराच्या हाती देण्यासाठी, असा हा न्याय आहे.

करांचीही तीच गत. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटींवर नेले, देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये केले आणि यातून चौदा हजार कोटींची जादा भर पडेल असे सांगितले. एकशे ऐंशी मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीची ८०, विदेशीची २०५ आणि उंची विदेशीची ३६० रुपये ठरली. आता साधा हिशेब करू. समजा, कल्याणच्या नाक्यावर उभा राहणारा मजूर दिवसाला सहाशे रुपये मिळवतो आणि रोज एक देशी क्वार्टर घेतो. त्याच्या मजुरीतले तेरा टक्के तेथेच गेले. दिवसाला सहा हजार मिळवणारा अधिकारी उंची क्वार्टर घेईल, तरी त्याच्या मिळकतीचे सहाच टक्के जातील. व्यसन जडलेल्या माणसाची मागणी किमतीबरोबर फारशी खाली येत नाही. खाली येते ते घरातले दूध, मुलांची वही, बायकोचे औषध. म्हणून किंमत वाढवून केवळ तिजोरी भरणे आणि त्याला समाजहित म्हणणे हे ढोंग आहे. कर वाढवू नये असे मी म्हणत नाही. तो गोळा कोणाकडून होतो आणि खर्च कोणावर होतो, हे विचारा असे म्हणतो.

परवानाधारक बाटली आवाक्याबाहेर गेली की माणूस खाडीकडे वळतो. दिवा-मुंब्र्यापासून उल्हास नदीच्या खाडीपर्यंत खारफुटीत लपवलेल्या हातभट्ट्यांवर छापे पडतात, पिंपे फोडली जातात, छायाचित्रे छापून येतात आणि काही दिवसांनी धूर पुन्हा निघतो. या चोरट्या साखळीत पैसा वाचवण्यासाठी कोणी मिथेनॉल मिसळले की प्रेते पडतात. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ८७ माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक मेली. मेलेले सारे हातावर पोट असलेले होते. परमिट रूममध्ये बसणाऱ्या वर्गात असे मरण येत नाही. एकाच राज्यात एकाच सवयीसाठी एक वर्ग कागदोपत्री रुग्ण ठरतो आणि दुसरा गुन्हेगार, आणि विष मात्र दुसऱ्याच्याच वाट्याला येते.

येथे आपल्या भगिनी मला थांबवतील, आणि त्यांनी थांबवलेच पाहिजे. रोज रात्री मार खाणाऱ्या बाईला खंड आणि करभार यांचे काय होय? तिला गल्लीच्या तोंडावरचे दुकान बंद हवे आहे. तिची मागणी खरी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या गुत्त्यांच्या वाढीविरुद्ध लेखी आवाज उठवला तो याचसाठी. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने मात्र १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करणे हा महसूल उभारणीचा एक उपाय म्हणून मांडला. दोघेही शोषितांच्या बाजूचे होते. फरक एवढाच की, एकाची नजर गुत्त्यावर होती आणि दुसऱ्याची राज्याच्या साधनसंपत्तीवर. आपल्याला दोन्हींकडे पाहावे लागेल. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तेथे तिच्यामागे गावोगावची लोकांची संघटना उभी राहिली आणि ती टिकवण्याचे काम आजही चालू आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली ती स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर, पण अवैध दारू वाढल्याचे कारण देऊन शासनाने २०२१ मध्ये ती उठवली. वरून आलेली बंदी वरूनच जाते, हा त्यातला धडा आहे.

खालून येणाऱ्या बंदीची तरतूद कायद्यात आहे. उभी बाटली-आडवी बाटली आपल्याला ठाऊक आहे. परंतु दुकान बंद करायचे तर एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी पुरत नाहीत. ज्या देशात झालेल्या मतांच्या तिसऱ्या हिश्श्यावर आमदार निवडून येतो, तेथे गुत्ता हलवण्यासाठी मात्र एवढे बहुमत! २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे दुकान काढण्यास संस्थेच्या ना-हरकतीची अट घालण्याची घोषणा विधानसभेत झाली. चांगली गोष्ट आहे. पण दिव्याच्या चाळीत आणि कल्याण पूर्वेच्या झोपडपट्टीत नोंदणीकृत संस्था कोठून आणायची? ना-हरकत देण्याचा हक्क सदनिकेच्या मालकाला मिळाला, भाडेकरूला मिळाला नाही.

म्हणून मी आपल्यापुढे पाच मागण्या ठेवतो. पहिली, पिणाऱ्याच्या परवान्याचे थोतांड रद्द करा. प्रौढ नागरिकाला रुग्ण किंवा गुन्हेगार मानू नका. शिक्षा करायची ती मारहाणीची, मद्यपी वाहनचालकाची आणि भेसळीची करा, आणि कठोर करा. दुसरी, दुकानाचा परवाना ठराविक मुदतीचा असावा, मुदत संपताच तो शासनाकडे परत यावा आणि टंचाईचे मोल सार्वजनिक तिजोरीत जावे. मद्य कंपन्यांना किरकोळ दुकाने देऊ नयेत. तिसरी, कर मद्यार्काच्या प्रमाणावर बसवा, म्हणजे सौम्य पेय स्वस्त आणि कडक पेय महाग राहील. ताडी व मोह यांचा धंदा ताडी काढणाऱ्यांच्या आणि आदिवासींच्या सहकारी संस्थांकडे द्या. गोव्याने काजूच्या फेणीला २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जा दिला, केरळने १९६९ मध्येच ताडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. मग ठाणे-पालघरचा मोह आणि ताडच तेवढा पोलिसांच्या वहीत का राहावा? चौथी, दुकान हलवण्याचा निर्णय झालेल्या मतांच्या साध्या बहुमताने व्हावा आणि चाळी-झोपडपट्ट्यांतील रहिवाशांना गृहनिर्माण संस्थांइतकाच हक्क मिळावा. पाचवी, दारूच्या महसुलाचा ठराविक हिस्सा उपचारासाठी बांधून ठेवा. १९८६ मध्ये अनिल व सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले ते देणग्यांच्या बळावर. हजारो कोटी गोळा करणाऱ्या राज्यात कल्याणच्या रुक्मिणीबाई, डोंबिवलीच्या शास्त्रीनगर आणि कळव्याच्या शिवाजी रुग्णालयात पुरेशा मनुष्यबळाचा, मोफत व्यसनमुक्ती विभाग असणे ही मेहेरबानी नव्हे. तो कर भरणाऱ्याचा हक्क आहे.

या मागण्या घेऊन आपण मोहल्ल्यात गेलो तर दोन्हीकडून शिव्या खाऊ. बंदीवाले म्हणतील, समाजवादी दारूवाल्यांना मिळाले. दुकानदार म्हणतील, हे धंद्यावर उठले. पण ज्या कायद्याने दीडशे वर्षांत मक्तेदाराचे नाव बदलले आणि आरोपीचे बदलले नाही, त्याच्याविषयी आपण गप्प राहणे शोभत नाही. पुढच्या महिन्यापासून आपापल्या प्रभागात दुकाने किती, परवाने कोणाच्या नावे, अवैध विक्रीबद्दल गुन्हे कोणावर दाखल झाले आणि उपचार कोठे मिळतो, एवढी चार बाबींची नोंद प्रत्येक शाखेने करावी. माहितीच्या अधिकारात अर्ज करावेत आणि बायकांच्या बैठकीत ती यादी वाचून दाखवावी. चळवळ कोठून सुरू करायची, हे मग त्याच आपल्याला सांगतील.