राज्यसत्तेचे बळ, हिंसा आणि धम्म
(वॉटफर्ड येथे धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



आमची तरुण पिढी वारंवार विचारते, आपला धम्म अहिंसेचा. मग आपण कठोर कायदे आणि पोलीस संरक्षण का मागतो? प्रश्न रास्त आहे. राज्यसत्तेच्या गोळ्या आम्ही झेलल्या आहेत आणि तिच्या आश्रयाची गरजही आम्हांलाच अधिक भासली आहे.

११ जुलै १९९७ या दिवशी सकाळी मुंबईतील घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त लोक महामार्गावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी व्यथित होऊन जीवनयात्रा संपविली. जमाव टँकर पेटवणार होता, असे समर्थन केले गेले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने मात्र तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयाने त्या शिक्षेस स्थगिती देऊन त्याला जामीन दिला.

मग राज्यसत्ता दूर राहिली तर काय होते? २० मार्च १९२७ रोजी महाडला आमचे पूर्वज चवदार तळ्याचे पाणी प्याले. आता ते वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठताच जमाव त्यांच्यावर तुटून पडला. तेथे बंदुकीची गरज नव्हती. धर्म बाटल्याची हाकाटी पुरेशी होती. या हिंसेला आवर घालण्यासाठीच पुढे संविधानात अनुच्छेद १७ आला आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. कायद्यामागे शिक्षेचे बळ नसेल, तर तो केवळ उपदेश ठरतो.

हा पेच बाबासाहेबांनी ओळखला होता. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी सर्जक शक्ती म्हणून वापरलेले बळ आणि हिंसा म्हणून वापरलेले बळ यांत भेद केला. न्यायासाठी बळ अटळ असेल तर तथागतांनी ते निषिद्ध मानले नाही, हे त्यांनी सिंह सेनापतीच्या प्रसंगावरून दाखविले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मात्र त्यांनी बजावले, की सनदशीर मार्ग खुला असताना रक्तपाताचा मार्ग सोडलाच पाहिजे.

आम्ही व्यवसायाने डॉक्टर. शस्त्रक्रियेत आम्हीही माणसाच्या देहावर सुरी चालवतो. परंतु ती आवश्यक होती काय, गरजेपेक्षा अधिक कापले काय, नोंद ठेवली काय, या प्रश्नांची उत्तरे आम्हांला द्यावी लागतात. उत्तरदायित्व काढून घेतले, तर शस्त्रक्रिया आणि इजा यांत फरक तो काय उरला? राज्याच्या बळालाही हीच कसोटी लावावी. रमाबाई नगरात ते या कसोटीस उतरले नाही. महाडला ते असायला हवे होते.

येथे ब्रिटनमध्येही हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याचे बंधन पार्लमेंटने २०१३ साली सरकारवर घातले. काही हिंदू संघटनांनी त्यास विरोध केला आणि २०१८ साली सरकारने न्यायालयीन निर्णयांवर भिस्त ठेवून ते कलम आणण्याचे नाकारले. कामाच्या ठिकाणी आडनाव विचारून ज्याला दूर सारले जाते, त्याने एकट्याने दाव्याचा खर्च आणि मनस्ताप सोसावा, असा याचा अर्थ होतो.

म्हणून मुलांनो, राज्यसत्तेला देव मानू नका आणि शत्रूही मानू नका. तिला प्रश्न विचारा. आपल्या खासदारास पत्र लिहा, अन्याय झाल्यास तारीखवार नोंद ठेवा, पीडिताला एकटे सोडू नका. मैत्री आणि करुणा मनात असली, तरच न्यायासाठी मागितलेले बळ सूडाचे हत्यार होत नाही. पंचशीलातील पहिले शील आपल्याला हेच शिकवते.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!